तीन दातांचा निवाडा

ट्रॅक्टर मधोमध फोडून त्याचे दोन तुकडे करता येतात, हे हंबीररावांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. पुढचं इंजिन लाकडी ओंडक्यांवर टेकवलेलं, मागची मोठी चाकं चार हात लांब सरकवलेली, आणि मधल्या मोकळ्या जागेत कुपवाडचा रसूल मिस्त्री पोत्यावर मांडी घालून बसलेला. बघायला जमलेल्या गावकऱ्यांना हंबीररावांनी "ह्यो काय तमाशा हाय व्हय?" म्हणून हाकलून लावलं आणि स्वतः मात्र खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसले.

शहात्तर सालचा पौष होता. ऊस उभा, कारखान्याच्या टोळ्या गावात उतरलेल्या, आणि ऐन हंगामात ट्रॅक्टरच्या पोटात गडबड. चार दिवसांपूर्वी खालच्या रानात नांगरट चालली असताना खाडकन आवाज झाला आणि नांगर जागेवर उभा राहिला. लो गिअर, म्हणजे जास्त ओढीचा हळू गिअर, लागेना. सीटवर आकाराम होता, हंबीररावांचा थोरला मुलगा. त्याच संध्याकाळी हंबीररावांनी सोप्यात बसून निकाल दिला होता.

"ज्याच्या हातनं मोडलं, त्येनं परत त्या शिटावर बसायचं न्हाई. सोमवारी कुपवाडला जायाचं. रसूलला सांगून ठेवलंय, त्येच्या कारखान्यात लोखंड घास म्हनावं. मग लोखंडाची किंमत कळंल."

आकारामची बायको विजयमाला चुलीपुढे होती. तिची भाकरी तव्यावर करपली, एवढंच. कुपवाडला एका खोलीत चार माणसं राहायची, तिथं बायकोला जागा नव्हती. नवरा तिकडं आणि आपण इकडं, हे तिला त्या करपलेल्या भाकरीच्या वासातच कळलं.

लोकांचं कसं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हंबीररावांचं उलटं होतं. ट्रॅक्टर आला होता तो धाकट्या भावाच्या, नाथाजीच्या, माजी सैनिकाच्या राखीव नंबरावर. नाहीतर यादीत नाव लागायला आणखी पाच वर्षं गेली असती. भावाच्या नंबरावर आलेला ट्रॅक्टर आपल्या पोरानं मोडला, आणि आपण पोराला पाठीशी घातलं असं भावाला वाटू नये, म्हणून त्यांनी पोराला जरा जास्तच झोडपलं होतं. आतून जीव तुटत होता, पण शब्द गेला होता. आणि हंबीररावांचा शब्द म्हणजे सुटलेला बैल, मागं वळत नसे.

बायका छपराच्या सावलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. हंबीररावांची चंद्राबाई, नाथाजीची हरणाबाई आणि सून विजयमाला. शेंगा काही फोडून व्हायच्या नव्हत्या, कारण तिघींच्या नजरा फोडलेल्या ट्रॅक्टरवर होत्या.

विजयमालाचं माहेर तासगावकडचं. बापाची पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनवर चालायची. पट्टा कुठल्या चाकावर चढवला की जातं जोरात फिरतं आणि कुठल्या चाकावर हळू, हे तिला बाराखडीच्या आधी येत होतं. त्यामुळे रसूलनं गिअरच्या पेटीतून एकेक दातेरी चाक काढून पोत्यावर मांडायला सुरुवात केली, तशी तिची बोटं शेंगेवरच थांबली. पण सासऱ्यासमोर आणि चुलत सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायची या घरात रीत नव्हती. ती वाकून सासूच्या कानाशी लागली.

"आत्याबाई, इचारा की त्यास्नी, गिअरचा दांडा वढला की आत काय सरकतंय?"

चंद्राबाईंनी तिथनंच आवाज टाकला, "रसूलभाऊ, आत काय सरकतंय वो?"

"कशात आक्का?"

"कशात म्हंजी? त्यातच!"

रसूल हसला. पन्नाशीचा माणूस, हात कोपरापर्यंत काळे, पण बोलणं स्वच्छ. चांगला श्रोता भेटला की त्याला काम आणि तोंड दोन्ही चालवायला आवडे.

"ह्या गाडीत आक्का, गिअरच सरकतोया. ह्यो बघा मोटा, ह्यो ‘लो’चा. दांडा मागं वढला की ह्यो अख्खा मागं सरकतो आन् त्या बारक्याच्या दातात दात घालतो. पुडं ढकलला की त्येला सोडतो आन् दुसऱ्याला भिडतो. दोगंबी उभं असलं की गुमान बसत्यात. पर एक जरी फिरत असंल, तर दाताला दात."

विजयमाला परत कानाशी. चंद्राबाई म्हणाल्या, "सगळ्या ट्रॅक्टरचं असंच असतंय का?"

"न्हाई. दुसरी एक तऱ्हा हाय. त्यात गिअर कायमचं एकमेकात अडकल्यालं. सरकायचं नाव न्हाई, नुसतं मोकळं फिरत ऱ्हात्यात. मदी एक कडं असतंय. दांडा वढला की तेवढं कडं सरकतंय आन् ज्या गिअरला धरंल त्यो गाडी वढतो. मार बसला तर कड्याला, गिअरचं दात शाबूत."

"आन् मोटारीत?" हा प्रश्न विजयमालानं जरा मोठ्यानं विचारला आणि जीभ चावली. चंद्राबाईंनी तो आपलाच असल्यासारखा पुढं रेटला, "व्हय, मोटारीत कसं?"

"मोटारीत त्येच्यावर कडी. कडं धरायच्या आदी गिअरला जरासं घासतंय, दोगांचा येग एक करतंय, मग धरतंय. म्हनून आवाज येत न्हाई."

विजयमालाच्या डोळ्यांत चमक आली. ती कुजबुजली. चंद्राबाईंनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हंजी चालत्या बैलगाडीत चढायचं, तर आदी गाडीसंगं चार पावलं पळाया लागतंय, तसंच की."

रसूलनं पाना खाली ठेवला. "आक्का, तुमी मिस्त्री व्हा. कुपवाडला माज्याकडं धा पोरं हायती, एकालाबी ह्ये सांगता आलं न्हाई."

"त्यात काय," चंद्राबाई पदर सावरत म्हणाल्या आणि शाबासकी बिनदिक्कत ठेवून घेतली. हंबीररावांनी बायकोकडं वळून बघितलं. तीस वर्षांच्या संसारात ही एवढी हुशार कधी दिसली नव्हती.

आता त्यांनाही राहवेना. "मग रसूल, एवढं चांगलं असताना लोकं ह्ये सरकतं कशाला घेत्यात?"

"आण्णा, काम बघून घ्यावं. तुमी सकाळी बांधावर गाडी उभी केली, दांडा लोला टाकला, तर दुपारच्या भाकरीपतूर त्येला हात कोन लावतंय? नांगराला, कुळवाला ह्येच बरं. साधं, दणकट, कुठलाबी मिस्त्री खोलतोय. ज्येला दिसभर रस्त्यावर ट्रॉली वढायचीया, घडीघडीला गिअर बदलायचाय, त्येनं कायम जुळल्यालं बघावं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विजयमालानं डोलावली नाही. दुपारपर्यंत जर दांड्याला हातच लागत नाही, तर शेतात नांगरताना तो मोडला कसा, या एका जागी तिचं मन अडकलं. गिरणीत पट्टा तुटला की बाप आधी तुटलेलं टोक बघायचा. टोक फाटलेलं आहे की झिजलेलं आहे, यावरून कुणाची चूक ते सांगायचा.

"आत्याबाई, त्यो मोडका गिअर जरा बघू म्हना."

आकारामनंच तो उचलून आणला. चार दिवसांत नवरा-बायको एकमेकांशी धड बोलले नव्हते. त्यानं जड गिअर तिच्यापुढच्या सुपाशेजारी ठेवला, तेव्हा तिनं वर बघितलं नाही, पण "हात चिमटंल," असं तो पुटपुटला ते तिला बरं वाटलं. तिनं चिंधीनं तेल पुसलं. तीन दात गेले होते. पण मुळापासून नाही. तिन्हींच्या फक्त एका बाजूच्या कडा उडाल्या होत्या. आणि बाकीचे दात, जे शाबूत होते, त्यांच्याही त्याच बाजूच्या कडा चावून गोल झालेल्या. दुसरी बाजू नव्यासारखी.

"नांगर खडकात आडकून जोर पडला, तर दात कुठनं मोडतो? इचारा."

चंद्राबाईंनी विचारलं.

"बुडातनं," रसूल मान वर न करता म्हणाला.

"आन् नुसती कड गेली असंल तर?"

यावेळी रसूलनं मान वर केली. प्रश्न कुठून येतोय ते त्याला मघाशीच कळलं होतं. "तर मग फिरत्या गिअरात घुसवलाय. एकदा न्हाई, लय येळा. शेवटच्याला त्यो कुठं का मोडंना."

"बया," हरणाबाई हसून म्हणाली, "एवढं इचारून काय करायचंय गं तुला? मोडल्यालं मोडलं. आता नवा बसतोय न्हवं?"

नाथाजी बैलगाडीच्या साटीपाशी, हात मागं बांधून उभा होता. सैन्यातून येऊन तीन वर्षं झाली तरी त्याचं उभं राहणं तसंच होतं, विश्राममधलं. बावीस वर्षं त्यानं मिलिटरीच्या गाड्या चालवल्या होत्या. गावात ट्रॅक्टर आला तेव्हा आकारामला पहिल्यांदा सीटवर बसवून क्लच कसा सोडायचा ते त्यानंच शिकवलं होतं. घरात त्याला मान होता तो या एका विद्येचा. शेतीत त्याचा हात बसत नव्हता. उसाला पाणी कधी तोडायचं हे त्याला अजून विचारावं लागे. पण उसाची ट्रॉली जोडून स्टिअरिंगवर तो बसला की गल्लीतली माणसं उभी राहून बघत.

"कड गेली असंल तर" हे शब्द ऐकले आणि त्याचे मागं बांधलेले हात सुटले. पहिल्या संध्याकाळी, आकारामला बोल लागला तेव्हा, त्याला खरोखरच वाटलं होतं की शेतात मोडलं ते शेतातल्या माणसाचं. दुसऱ्या दिवशी त्याला तो आवाज आठवला. म्हसोबाच्या चढाला, उसानं भरलेली ट्रॉली मागं असताना, दांडा ओढला की होणारा. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प होता. पुतण्या सोमवारी जाणार होता, आणि आज शनिवार.

विजयमालानं गिअर सुपाशेजारी हळूच ठेवला. मग सासूच्या कानाशी लागून शेवटचा प्रश्न विचारला.

"रस्त्याला भरल्याली ट्रॉली असली, तर लो कुठं लावाय लागतो?"

चंद्राबाईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इतका वेळ त्यांनी सुनेचे प्रश्न न समजता पुढं धाडले होते; हा मात्र त्यांना समजला. ट्रॉली कोण ओढतं ते घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्यांनी शेजारी बसलेल्या जावेकडं पाहिलं. पोटचा पोर घर सोडून चालला होता, तरी त्यांना तो प्रश्न पुढं धाडवेना. वीस वर्षं एका चुलीवर काढलेली जाऊ होती ती.

"गप बस," त्या सुनेला म्हणाल्या. "शेंगा फोड."

"काय इचारलं?" हरणाबाईनं कान टवकारले. "रस्त्याला लो व्हय? आगं, त्यात काय इचारायचं! म्हसोबाच्या चढाला. बाकीचं डायवर बघ, चढाखाली गाडी उभी करत्यात, उतरून बघत्यात, मग दांडा वढत्यात. आमचं ह्ये थांबत्यात व्हय? मी मागल्या आयतवारी उसावर बसले हुते की! गाडी चालतीया, आन् ह्यांनी एका हातानं दांडा वढला. कर्रर वाजलं आन् गाडी चढली वर! शेवटी मिल्ट्री ती मिल्ट्री."

बिचारीनं हात दाखवून अवलक्षण केलं होतं, आणि ते तिच्या सोडून सगळ्यांना कळलं. रसूल रिकाम्या पेटीत डोकं घालून न हरवलेलं काहीतरी शोधू लागला. आकारामनं मान खाली घातली. हरणाबाई हसऱ्या चेहऱ्यानं एकेकाकडं बघत गेली, आणि नवऱ्यापर्यंत पोचली तेव्हा तिचं हसू विझलं.

सगळ्यांत जास्त पंचाईत हंबीररावांची झाली. ते खुर्चीत सरसावले, खाकरले, टोपी काढून परत घातली.

"असू दे," ते म्हणाले. "लोखंड हाय. मोडतंय."

आणि मग चंद्राबाई उठल्या. मांडीवरची टरफलं सगळीकडं उडाली. "आन् मंगळवारी? मंगळवारी लोखंड न्हवतं? पोराला सोप्यात उभा करून घर सोडाया सांगितलंसा, तवा काय मातीचा ट्रॅक्टर हुता?"

"आगं, चारचौघांत—"

"चारचौघांतच सांगितलंसा की तुमी!"

इतकी वर्षं नवऱ्याला उलट न बोललेली बाई त्याच्यापुढं ताठ उभी होती. आत्ताच, एवढ्यातच, हे घर दोन चुलींवर जातं की काय, असं सगळ्यांना वाटून गेलं. हंबीररावांना तेच भय होतं. भावाला बोललो तर भाऊ जाईल, त्याच्या नंबराचा ट्रॅक्टर जाईल. न बोललो तर बायको, पोर आणि सून उरलेल्या आयुष्यात आपल्याकडं बघतील ते याच नजरेनं. त्यांनी भावाकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात हुकूम नव्हता, विनवणी होती.

नाथाजी चालत आला. बायकांच्या घोळक्यापाशी सरळ मातीत बसला आणि तो गिअर मांडीवर घेतला. उडालेल्या कडांवरून त्यानं अंगठा फिरवला.

"सूनबाई," तो म्हणाला, "मला इचार. थेट. वैनी दमल्या आता."

विजयमालानं सासूकडं बघितलं. चंद्राबाईंनी डोळे पुसत मान हलवली.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "चढाच्या आदी का थांबत न्हाई तुमी?"

हा प्रश्न नाथाजीला कुणी विचारला नव्हता, त्यानं स्वतःलाही नाही.

"डोंगरात आमच्या चाळीस-चाळीस गाड्या एका मागं एक चालायच्या," तो म्हणाला. "चढाला एक थांबली की मागच्या सगळ्या थांबल्या. मग कुनाची मागं घसरायची, कुनाची बंद पडायची. चढाला थांबू नगंस, ह्ये आमच्या हाडात घातलंय. क्लच दोनदा दाबायचा, मदी इंजिन जरा पळवायचं, येग जुळला की गिअर आत. चालत्या गाडीत. त्यात माजा हात कुनी धरला न्हाई."

"मग हितं का जुळंना?"

"ट्रॅक्टरला येगच न्हाई गं. मागं उसाचा भार. क्लच दाबला की गाडी जागच्या जागी मरती. जुळवायला जरा बी सवड देत न्हाई."

"आन् हितं मागं चाळीस गाड्या कुठं हुत्या?"

"न्हवत्या," नाथाजी म्हणाला. "एकबी न्हवती."

हरणाबाईनं तोंडाला पदर लावला. नाथाजी उठला, गिअर रसूलच्या पोत्यावर नेऊन ठेवला आणि भावासमोर सावधानात उभा राहिला.

"दादा, निवाडा तुमचाच हाय. ज्येच्या हातनं मोडलं, त्येनं शिटावर बसायचं न्हाई."

"आरं नाथा, पर गाडी तुज्या नंबरावर—"

"नंबर कागदावर हाय. दात पेटीत हुतं."

हंबीरराव जमिनीकडं बघत म्हणाले, "आकाराम कुपवाडला जानार न्हाई." ते कुणाला उद्देशून होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विजयमालानं सूप ओढून घेतलं आणि भराभरा शेंगा फोडायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. हात तेलाचे होते.

नवा गिअर बसवून, दोन्ही तुकडे जोडून, तेल भरून ट्रॅक्टर चालू व्हायला चार वाजले. तोडलेला ऊस चार दिवस ट्रॉलीत वाळत होता, त्याला कारखाना दाखवायलाच हवा होता. आकाराम सीटपाशी गेला आणि घुटमळला. काका खाली उभा असताना वर बसायचं त्याच्या जिवावर आलं.

"तात्या, आजच्या दिस तुमीच—"

"गाडी पर चढ!" नाथाजी असा ओरडला की आकाराम विचार करायच्या आत वर जाऊन बसला होता. मग नाथाजी मागून आला आणि मडगार्डवर बसला, जिथं आजवर त्याच्या शेजारी आकाराम बसायचा.

वाटेत बोलण्यासारखं आकारामकडं पुष्कळ होतं. कुपवाडला जायचं त्याला एवढं लागलं नव्हतं. सोप्यात बाप बोलत होता तेव्हा काकानं खांबाकडं तोंड फिरवलं होतं, ते लागलं होतं. ज्यानं क्लच सोडायला शिकवलं, तो माणूस तीन हातांवर उभा राहून आपल्याकडं बघत नव्हता.

म्हसोबाचा चढ दिसू लागला. आकारामनं देवळाच्या अलीकडं, सपाटीला, ट्रॅक्टर उभा केला. चाकं पुरती थांबू दिली. क्लच दाबून दांडा मागं ओढला. नाथाजी कान देऊन वाकला होता. आत काहीतरी जड सरकलं आणि बसलं, बस्स. ट्रॅक्टर हळूहळू, न कुरकुरता, चढायला लागला.

"एवढंच व्हय?" नाथाजी म्हणाला.

"एवढंच."

अर्ध्या चढावर इंजिन जोरात घोंगावत होतं. नाथाजी पुढं झुकून काहीतरी बोलला.

"आँ?" आकारामनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"मी गप बसलो," नाथाजी जरा मोठ्यानं म्हणाला. "चार दिस. त्ये चुकलं माजं."

"काय म्हनताय तात्या?"

रस्त्याच्या कडेला ऊसतोडीची बायामाणसं मोळ्या बांधत होती. नाथाजीनं त्यांच्याकडं बघितलं, मडगार्डला घट्ट धरलं, आणि कवायतीच्या मैदानावर घालावी तशी साद घातली.

"मला ठावं हुतं! माज्या हातनं मोडलं, आन् तुला बोल लागला तवा मी गप बसलो! चुकलं माजं, आकाराम!"

मोळ्या बांधणारे हात थांबले. सगळी तोंडं वर झाली. एक म्हातारी डोक्यावरची मोळी तशीच धरून उभी राहिली. नाथाजीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, पण त्यानं मान खाली घातली नाही.

ट्रॅक्टर चढाच्या माथ्यावर आला. आकारामनं तो सपाटीला नेऊन उभा केला, दांडा पुढं ढकलला, आणि मगच काकाकडं वळून पाहिलं.

"पैल्याच येळंला आयकू आलं हुतं, तात्या," तो म्हणाला.